जुन्या गाडीच्या सर्व्हिसिंगचे बिल कसे वाचावे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आठ-दहा वर्षे वापरलेल्या गाडीच्या सर्व्हिसिंगचे बिल हातात पडले की मालक ते दोनच गोष्टींशी ताडून पाहतो: मागच्या वेळचे बिल आणि ओळखीतल्या कोणाचे तरी बिल. दोन्ही तुलना फसव्या. मागच्या वेळी नुसते ऑइल आणि फिल्टर बदलले असेल, या वेळी ब्रेक ऑइल, कूलंट आणि प्लग एकदम आले असतील. ओळखीतल्याची गाडी तीच असली तरी तिचे इंजिन डिझेल असेल, त्यात ऑइलच दीडपट जात असेल. खालच्या एकूण आकड्यावरून भाव रास्त की अवाच्या सवा, हे दुसऱ्या मेकॅनिकलाही सांगता येत नाही. ते ठरते वरच्या ओळींवरून. जुन्या गाड्यांचे काम करणारे आम्ही काही जण एवढेच सांगू इच्छितो की, मोठ्या बिलापेक्षा मोघम बिलाला आधी भ्यावे.

'जनरल सर्व्हिस' अशी एक ओळ आणि समोर रक्कम, हे झाले मोघम बिल. तपासता येणाऱ्या बिलात प्रत्येक पार्ट त्याच्या नंबरासह, ऑइल आणि इतर द्रव लिटरमध्ये, मजुरी कामागणिक आणि बाहेरून करून आणलेले काम (लेथ, अलाइनमेंट, रेडिएटरची दुरुस्ती) वेगळे दाखवलेले असते. मजुरी म्हणजे तास गुणिले दर. कार कंपन्या प्रत्येक कामाला वेळ बांधून देतात आणि बरीच गॅरेजे त्याच्याच आधाराने आकार लावतात. ढोबळ मानाने इंजिन ऑइल आणि फिल्टरला अर्धा ते पाऊण तास, पुढच्या दोन्ही चाकांच्या ब्रेक पॅडला तासभर, फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीचा क्लच बदलायला चार ते सात तास. मेकॅनिकला 'एवढे कसे काय?' असे विचारले तर तो चिडतो किंवा थोडे कमी करून देतो. दोन्हींतून काही कळत नाही. 'या कामाला किती तास धरलेत?' असे विचारले की बोलणे रुळावर येते.

पार्ट लहान म्हणून मजुरी लहान, हा हिशेब इथे चालत नाही. क्लचचे रिलीज बेअरिंग मुठीत मावते, पण त्याच्यापर्यंत पोचायला अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. हीटर कोअर (डॅशबोर्डमागचा, केबिन गरम करणारा छोटा रेडिएटर) गळू लागला तर अनेक गाड्यांत डॅशबोर्ड काढण्या-बसवण्यात दिवस जातो. उलट एअर फिल्टर आणि एसीचा केबिन फिल्टर ही बहुतेक गाड्यांत हातासरशी होणारी कामे, सर्व्हिसिंगच्या मजुरीत धरलेलीच असतात. त्यांची मजुरी वेगळी लावली असेल तर ती कमी करायला सांगावी, भीड बाळगू नये.

बिल तपासायला इंजिन ऑइलइतकी सोपी ओळ दुसरी नाही, कारण लिटरचा आकडा गाडीच्या पुस्तकातच छापलेला असतो. लहान चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनाला फिल्टरसह साधारण ३ ते ४ लिटर, मोठ्या डिझेलला ५ ते ७ लिटर. पुस्तकात ३.१ आणि बिलात ४ असेल तर उरलेले पाऊण-एक लिटर डब्यासकट मागून घ्यावे. जुनी गाडी दोन सर्व्हिसिंगच्या मधे थोडे ऑइल पितेच, तेव्हा ते कामाला येते. बॅरलमधून मोजून भरले असेल तर बिलातही ३.१ च हवे. 'सगळे ओतून टाकले' हे उत्तर मिळाले तर गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिक पाहावी. कमाल खुणेच्या बरेच वर ऑइल असेल तर क्रँकशाफ्ट त्यात आपटून फेस होतो, दाब नीट तयार होत नाही आणि आधीच कडक झालेली ऑइल सील गळू लागतात. जास्तीचे काढायला लावूनच गाडी हलवावी. ऑइल फिल्टर खरोखर बदलला का हे बघायला जुन्यावर मार्करने आधीच एक रेघ मारून ठेवावी. ड्रेन प्लगचे वॉशर बिलात असेल तर ती क्षुल्लक रक्कम आनंदाने द्यावी. जुनेच वॉशर पुन्हा लावून थेंब थांबवण्यासाठी प्लग आवळत गेले की चेंबरचे (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचे) आटे जातात. आणि डिझेल इंजिनात नवे ऑइल थोड्याच किलोमीटरमध्ये काळे पडते, त्यावरून ते बदललेच नाही असा आरोप करू नये. पेट्रोलमध्ये ते बऱ्यापैकी दिवस मधासारखे राहते.

जुन्या इंजिनाचा आवाज दाबायला जाड ऑइल भरण्याची खोड पुष्कळांना असते. पुस्तकात ५डब्ल्यू-३० असताना २०डब्ल्यू-५० भरले तर थंड इंजिन सुरू करताना ऑइल वर कॅमशाफ्टपर्यंत उशिरा पोचते आणि हायड्रॉलिक टॅपेट, चेन टेन्शनर यांच्या बारीक मार्गांत अडखळते. पुस्तकात एकाहून अधिक ग्रेड चालतात असे लिहिले असेल तर त्यातला जाड निवडणे वेगळे. महाग ऑइलचेही तसेच. हजार किलोमीटरला अर्धा लिटर पिणाऱ्या इंजिनात, पुस्तक मागत नसताना, सर्वांत महाग फुल सिंथेटिक ओतणे म्हणजे पैसे सायलेन्सरमधून सोडणे. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या डिझेलला मात्र कमी राखेचेच ऑइल लागते. तिथे कंजुषी केली तर फिल्टर तुंबतो आणि त्याच्या किमतीत कित्येक वर्षांचे ऑइल येते.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट-४ या प्रतीचे ब्रेक ऑइल नवे असताना किमान २३० अंश सेल्सिअसला उकळायला हवे, ३.७ टक्के पाणी मुरल्यावर तो आकडा किमान १५५ असावा, एवढीच मानकाची अट. उतारावर ब्रेक तापले की याचा प्रत्यय येतो, म्हणून बहुतेक कंपन्या दोन वर्षांनी ते बदलायला सांगतात. चारही चाकांकडून हवा काढत पूर्ण बदलायला अर्धा ते एक लिटर लागते. बिलात मजुरी पूर्ण आणि ऑइल पाव लिटर असेल तर काय झाले ते उघड आहे: वरच्या डबीतले शोषून काढले, नवे ओतले, चाकांपाशी कोणी बसलेच नाही. कूलंटमध्ये गफलत वेगळी होते. ते तयार मिसळलेले मिळते आणि घट्टही मिळते. पाच लिटरच्या सिस्टिमला निम्मे-निम्मे प्रमाण धरले तर घट्ट कूलंट अडीच लिटर पुरते, बाकी डिमिनरलाइज्ड (क्षार काढलेले) पाणी. बिलात घट्ट कूलंट पाच लिटर दाखवले असेल तर पाणीही कूलंटच्या भावाने विकले गेले.

जास्त पैसे कुठे जातात म्हणाल, तर एकाच उघडण्याची मजुरी दोनदा लावण्यात. गिअरबॉक्स क्लचसाठी उतरवलेला असताना क्रँकचे मागचे ऑइल सील बदलायला फार तर थोडा वेळ लागतो. त्या सीलची स्वतंत्र मजुरी सहा तासांची लावली असेल तर तो सरळ अन्याय आहे. शॉकअप बाहेर काढलेला असताना वरचे माउंटिंग आणि बेअरिंग, लोअर आर्म सुटलेला असताना त्याचे बुश आणि बॉल जॉइंट, हीही तशीच जोडकामे. अलाइनमेंट सगळे झाल्यावर शेवटी एकदाच. आर्म बदलल्यावर एकदा आणि टाय रॉड एंड बदलल्यावर पुन्हा, असे दोनदा बिलात दिसले तर एक खोडावे.

ही गोष्ट उलट बाजूनेही लागू पडते, आणि तिथे मालकच चुकतो. टायमिंग बेल्ट साधारण ६० हजार ते एक लाख किलोमीटरला, किंवा पुस्तकात दिलेली वर्षे आधी भरली तर तेव्हा, बदलायचा असतो. गाडी उभी राहिली तरी रबर म्हातारे होते. पुष्कळ इंजिनांत हाच बेल्ट वॉटर पंप फिरवतो. एका गॅरेजचे एस्टिमेट नुसत्या बेल्टचे, दुसऱ्याचे बेल्ट, टेन्शनर, आयडलर आणि वॉटर पंप यांचे. पहिले स्वस्त दिसते. पण जुना पंप वीस हजार किलोमीटरनंतर गळू लागला, तर तीच सगळी मजुरी पुन्हा, आणि कूलंटने भिजलेला नवा बेल्टही वाया. टेन्शनरचे बेअरिंग अडकून बेल्ट उतरला तर अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात आणि हेड उतरवावे लागते. म्हणून इथे मोठे एस्टिमेट हेच रास्त. अर्थात तुमच्या इंजिनात बेल्ट आहे की चेन, हे आधी पाहावे. चेनला बहुधा ठरावीक मुदत नसते. थंड इंजिन सुरू करताना खडखडाट ऐकू आला तर ती तपासायची. आणि बिलात नुसते 'बेल्ट' असेल तर कोणता ते लिहून घ्यावे. अल्टरनेटर आणि एसी फिरवणारा बाहेरचा बेल्ट बहुतेक गाड्यांत अर्ध्या-एक तासाचे काम आहे, टायमिंग बेल्टशी त्याचा काही संबंध नाही.

आता मेकॅनिकची बाजू. कंपनीने बांधून दिलेला वेळ गंज न धरलेल्या गाडीचा असतो. पंधरा वर्षांच्या गाडीत ब्रेकमधली हवा काढायचा निप्पल पाना लावताच तुटतो, मग अख्खे व्हील सिलिंडर किंवा कॅलिपर बदलण्याची वेळ येते. सायलेन्सरचे स्टड मुळातून मोडतात. रेडिएटरची प्लास्टिकची तोटी, होज ओढताच, तुटून होजमध्येच राहते. आधी कोणी दात ओठ खाऊन आवळलेला ड्रेन प्लग अॅल्युमिनियमच्या चेंबरचे आटे घेऊन बाहेर येतो आणि हेलिकॉइल (आट्यांसाठीची तारेची गुंडाळी) बसवून नवे आटे करावे लागतात. सगळ्यांत वाईट डिझेलचे ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू करायला आतून तापवणारे प्लग): काढताना एखादा हेडमध्येच मोडला तर पाऊण तासाच्या कामाचा दिवस होतो. यात लबाडी नाही. मात्र यातले बरेचसे आधीच दिसते, आणि अनुभवी माणूस ते आधी बोलून दाखवतो: 'हा निप्पल तुटण्याची शक्यता आहे, तुटला तर एवढे वाढतील.' आदल्या रात्री गंज सोडवणारे ऑइल मारून, ग्लो प्लगच्या बाबतीत इंजिन गरम करून, हळूहळू सोडवताना मोडले तर तो वयाचा दोष आणि खर्च मालकाचा. सांगितले काहीच नाही, थंड इंजिनावर एअर गन (हवेच्या दाबावर चालणारा पाना) लावली आणि मोडले, तर तो खर्च निदान वाटून घेण्याचा आग्रह धरावा. एस्टिमेटवर एक मर्यादा लिहून घेणे चांगले: अमुक टक्क्यांपेक्षा जास्त वाढत असेल तर काम थांबवून फोन करायचा, तुटलेला भाग फोटोसकट.

दोष शोधण्याची मजुरी द्यायला लोक नाखूश असतात. 'स्कॅनर तर लावला, दोन मिनिटे!' पण स्कॅनर कोड दाखवतो, कारण दाखवत नाही. पी-०१७१ हा कोड म्हणजे मिश्रणात हवा जास्त किंवा पेट्रोल कमी, बस. कारण चिरलेला व्हॅक्यूम पाइप असू शकते, मळलेला एअर फ्लो सेन्सर असू शकते, इंधनाचा दाब कमी असू शकतो. तपास न करता ऑक्सिजन सेन्सर बदलणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. सेन्सर महाग आणि पाइप मातीमोल. धूर सोडून गळती पाहायला, दाब मोजायला तास-दीड तास लागतो. त्याचे पैसे मागणारा मेकॅनिक सहसा तुमचे पैसे वाचवतो. तपास फुकट करणारा ते पार्टमधून काढतो.

एसीच्या गॅसची ओळही निरखून वाचावी. गॅस वापरून संपत नाही. दरवर्षी भरावा लागत असेल तर कुठे तरी गळती आहे, आणि गळती न शोधता भरलेला गॅस म्हणजे पुढच्या उन्हाळ्याचे गिऱ्हाईक पक्के. आर-१३४ए वापरणाऱ्या लहान गाड्यांत तो अर्ध्या किलोच्या आसपास जातो, नेमके ग्रॅम बॉनेटखालच्या स्टिकरवर असतात. आधी व्हॅक्यूम पंप लावून हवा आणि ओलावा काढायचा, मग वजन करून भरायचा. 'फुल चार्ज' असे लिहून ग्रॅम न देणाऱ्याने अंदाजाने भरलेला असतो.

जोडीला विकल्या जाणाऱ्या सेवांबद्दल आमचे मत कडक आहे. गाडी बरी चालत असताना इंजेक्टर क्लीनिंग, डीकार्बनायझिंग, इंजिनाच्या आतल्या टेफ्लॉनसारख्या कोटिंगची बाटली, हे सगळे नाकारावे. इंजिन फ्लश तर जुन्या, नीट ऑइल न बदललेल्या इंजिनात धोक्याचाच: सुटलेला गाळ चेंबरमधल्या ऑइलच्या जाळीत अडकला की दाब पडतो. थ्रॉटल बॉडी साफ करणे हे आयडलिंग खालीवर होत असेल तर योग्य काम, एरवी नाही. सर्व्हिसिंगच्या यादीत हे आधीच टिक करून ठेवलेले असते. सही करण्यापूर्वी खोडावे.

पार्टच्या भावात जो फरक दिसतो तो बहुधा प्रतीचा. कार कंपनीच्या खोक्यातला, तोच पार्ट बनवणाऱ्या बॉश, डेन्सो, व्हॅलिओ अशा पुरवठादाराच्या स्वतःच्या खोक्यातला, बाजारातला पर्यायी, दुरुस्त करून विकलेला आणि भंगारातून काढलेला, असे पाच थर आहेत. जुन्या गाडीला दुसरा थर बहुतेक वेळा उत्तम. दाराचे हँडल, आरसा, काच भंगारातली चालते. ब्रेक पॅड, टाय रॉड एंड, बॉल जॉइंट, टायमिंगचे सामान भंगारातले अजिबात नको. दोन एस्टिमेटची तुलना करताना प्रत्येक ओळीपुढे थर लिहून घेतला नाही तर ती तुलना निरर्थक. प्लगही असेच: साधे २० ते ४० हजार किलोमीटरचे, इरिडियम लाखाच्या घरातले, आणि नंबर प्लगच्या पांढऱ्या भागावरच छापलेला असतो. पार्टवर मेकॅनिक काही टक्के ठेवतो, ते गैर नाही; चुकीचा निघाला तर परत नेणे आणि पुन्हा बसवणे त्याच्या डोक्यावर असते. पार्ट तुम्ही आणून दिलात तर ही जबाबदारी त्याने घ्यावी अशी अपेक्षा ठेवू नये.

ब्रेकच्या बाबतीत मोजमाप मागावे. नव्या पॅडचा घासणारा थर साधारण १० ते १२ मिलिमीटर असतो, ३ च्या आसपास आला की बदलायचा. डिस्कची किमान जाडी तिच्यावरच कोरलेली असते. 'डिस्क गेली' असे सांगणाऱ्याकडून जाडी किती भरली ते ऐकावे. लेथवर घेतल्यावर ती किमान आकड्याच्या खाली जाणार असेल तर लेथची मजुरी फुकट, नवीनच बरी.

आणि फार स्वस्त बिल? त्यात सहसा न केलेली कामे असतात. मागचे ड्रम न उघडताच 'ब्रेक क्लीनिंग चारही चाके', कॅलिपरच्या पिनांना ग्रीस न लावता नुसते नवे पॅड, कूलंटच्या जागी नळाचे पाणी. गाडी देण्यापूर्वी प्रत्येक चाकाच्या एका नटावर आणि त्याला लागून चाकावर पेंटचा एकच बारीक ठिपका द्यावा. चाक उतरले असेल तर ठिपक्याचे दोन अर्धे पुन्हा तंतोतंत जुळणे कठीण. जुने पार्ट परत मागावेत, पण काम सुरू होण्यापूर्वी; काम झाल्यावर मागितले तर ते कचऱ्यात गेलेले असतात. अल्टरनेटर, स्टार्टर, ड्राइव्ह शाफ्ट बदलीवर घेतले असतील तर जुना भाग दुकानात जमा होतो, तो मिळणार नाही.

बिल गाडीच्या किमतीच्या निम्मे झाले म्हणून ते अन्यायाचे ठरत नाही. क्लचला लागणारे तास गाडीचा बाजारभाव पाहून कमी होत नाहीत. भाव रास्त आहे का आणि या गाडीवर तो खर्च करावा का, हे दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. दुसऱ्याचे उत्तर पत्र्याच्या गंजावर आणि इंजिनाच्या कॉम्प्रेशनवर ठरते, मेकॅनिकच्या दरावर नाही.

पार्टची आणि मजुरीची हमी किती महिन्यांची किंवा किती किलोमीटरची, हे बिलावरच लिहून घ्यावे, गाडीच्या किलोमीटरच्या आकड्यासह. चाके उतरवली असतील तर ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासून घ्यावेत. ते सहसा कोणी बिलात लावत नाही. आणि बिल थर्मल कागदावरचे असेल तर त्याची त्याच दिवशी झेरॉक्स काढावी, कारण गाडीच्या कप्प्यातल्या उष्णतेने अक्षरे हमीची मुदत संपण्याआधीच उडून जातात.

आपले,
जुन्या गाड्यांचे काम करणारे काही वाचक